निसर्गोपचार मंडळाची रानफेरी

धर्मराज ओव्हाळला जंगलात दोनच माणसं न्यायची होती. एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको सरस्वती. शेवटी गेली सोळा. ती का गेली हे सांगायचं तर धर्मराजच्या डाव्या कानापासून सुरुवात करावी लागते.

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये धर्मराज सुपरवायझर होता. तिथे पत्र्याचे स्टोव्हचे भाग बनत. दिवसाचे आठ तास यंत्र पत्र्यावर धाडधाड आपटत असे आणि धर्मराज त्याच्या बाजूला उभा राहून ते नीट आपटतंय की नाही ते बघत असे. सतरा वर्षं हे ऐकल्यावर डाव्या कानात भुंगा गुणगुणायला लागला. कंपनीच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिली आणि भुंगा औषधाने जाणार नाही, कानाला विश्रांती द्या, कधीतरी एखाद्या शांत जागी जाऊन बसा, असं सांगितलं. शांत जागा कुठे मिळते ते मात्र त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं नाही. धर्मराज राहायचा त्या मैत्री सोसायटीत तळमजल्यावर पिठाची गिरणी होती, आणि गिरणी बंद असली की सोसायटीचे सेक्रेटरी विष्णुपंत आगाशे चालू असत.

अशात ८९ सालच्या सप्टेंबरात त्याला पेपरात एक छोटी बातमी दिसली. दादरच्या ‘हिरवी वाट’ नावाच्या संस्थेतर्फे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात अर्ध्या दिवसाची रानफेरी, सोबत जाणकार मार्गदर्शक. खाली लिहिलं होतं, ‘ही मौनफेरी आहे. संपूर्ण वेळ न बोलता चालायचे आहे.’ हे वाक्य धर्मराजने तीन वेळा वाचलं. न बोलता चालायचं, आणि तेही नियम म्हणून. सरस्वतीला बातमी दाखवल्यावर ती एवढंच म्हणाली की लग्नाला सोळा वर्षं झाली, आपण दोघंच असे कुठे गेलेलो नाही. धर्मराजने त्याच दिवशी दादरला पत्र टाकलं.

उलट टपाली उत्तर आलं. वैयक्तिक प्रवेश नाही. नोंदणी फक्त संस्थांसाठी, किमान सभासद पंधरा, सर्वांची नावं संस्थेच्या शिक्क्यानिशी शनिवारपर्यंत पोचावीत, आणि सभासदांच्या वर्तनाची संपूर्ण जबाबदारी अध्यक्षांची राहील.

दुसरा एखादा असता तर इथेच थांबला असता. पण सरळमार्गी माणसाचं एक असतं. त्याला लबाडीचा सराव नसतो, त्यामुळे ती कुठे थांबवावी हे त्याला कळत नाही. धर्मराजने ठरवलं की संस्था कागदावर काढायची, पंधरा नावं द्यायची आणि ऐन दिवशी बाकीचे तेरा आजारी पडले म्हणून सांगायचं. नावं शोधायला लांब जायची गरज नव्हती. जिन्याखाली टपालाच्या पेट्यांवर ती रंगवलेलीच होती. पहिलं स्वतःचं, दुसरं सरस्वतीचं, तिसरं विष्णुपंत आगाशे, चौथं त्यांच्या बायकोचं, मालिनी आगाशे, असं करत त्याने पंधरा भरले.

राहिला शिक्का. त्यासाठी तो उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात चंदरकडे गेला. चंदर शिक्के आणि लेटरहेड बनवायचा. दुकानाच्या मागे त्याच्याच भावाचा जीन्स शिवायचा कारखाना होता. धर्मराजने कागदावर ‘निसर्ग मंडळ, अंबरनाथ (पूर्व)’ असं स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. शुक्रवारी संध्याकाळी शिक्का घेऊन उमटवून पाहिला तर तो निघाला ‘निसर्गोपचार मंडळ’.

धर्मराजने कागद पुढे केला. चंदर शांतपणे म्हणाला, “साईं, निसर्ग मंडल कोई होता है क्या? आधा शब्द था. हमने पूरा करके दिया. एक्स्ट्रा अक्षरांचा कुछ नहीं लिया.”

नवीन शिक्क्याला चार दिवस लागले असते आणि पत्र तर दुसऱ्या दिवशी पोचायचं होतं. शिक्का कोण वाचतंय, असं धर्मराजने स्वतःला समजावलं. सरकारी असो वा खाजगी, कागदावरचा शिक्का नुसता आहे की नाही एवढंच बघतात, हा त्याचा आजवरचा अनुभव होता. त्याने तो उमटवला, खाली ‘अध्यक्ष’ म्हणून सही केली, आणि शनिवारी रजा टाकून कागद स्वतः दादरला नेऊन दिला.

शिक्का वाचणारं माणूस दादरला बसलेलं होतं.

पंधरा दिवसांनी मंजुरीचं पत्र आलं. पाकिटावर ‘निसर्गोपचार मंडळ, मैत्री सोसायटी’ असा पत्ता होता. विष्णुपंत एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ‘मंडळ’ हा शब्द असलेलं कुठलंही पाकीट आपणच फोडायचं असतं, ही त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांनी ते फोडलं आणि आत मंजूर सभासदांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर स्वतःचं नाव वाचलं.

धर्मराज कामावरून आला तेव्हा विष्णुपंत जिन्यात पत्र घेऊन उभे होते. आता आपली अब्रू जाते, असं धर्मराजला वाटलं. पण विष्णुपंतांची तक्रार वेगळीच होती.

“ओव्हाळ, मंडळ काढलंत, आनंद आहे,” ते म्हणाले. “पण मी तिसरा का?”

त्याच्या गप्प बसण्याला विष्णुपंतांनी नम्रता मानलं. रात्रीच्या जेवणापर्यंत यादी तिन्ही मजल्यांवर फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मराजच्या गालावर दाढीचा साबण असताना पहिला सभासद दारात आला आणि त्याने शर्ट वर करून पाठीवरचा नायटा दाखवला. मालिनीताईंनी गुडघ्यांचा इतिहास सांगितला. दुसऱ्या मजल्यावरच्यांना पित्त होतं, तिसऱ्यावरच्यांना मूळव्याध. प्रत्येकाला जंगलात आपल्या दुखण्याची वनस्पती हवी होती. धर्मराजने एक-दोघांना खरं सांगायचा प्रयत्न केला. ते हसले आणि म्हणाले की अध्यक्षांनी इतकं मागे मागे राहू नये.

मग सल्ले सुरू झाले. बोरिवलीत बिबट्या आहे, म्हणून घुंगराची काठी घ्यावी. घुंगरू ऐकून बिबट्या येतो, म्हणून घेऊ नये. बूट नकोत, चप्पल बरी. चप्पल नको, साप असतात. पोहे न्यावेत, पण कांदा घालू नये, माकडांना वास लागतो. धर्मराजच्या कानाचीही चर्चा झाली आणि विष्णुपंतांनी तिळाच्या तेलात लसूण तळून ते तेल कानात सोडायला सांगितलं. जो स्वतःचा कान बरा करू शकत नाही तो निसर्गोपचाराचा अध्यक्ष कसा, हा प्रश्न इतक्या मोठ्या सोसायटीत एकाच्याही मनात आला नाही.

धर्मराजची आई गोजरबाई हे सगळं खाटेवर बसून ऐकत होती. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “धर्मा, साऱ्या बिल्डिंगीचं नाव हाय यादीत. माझंच तेवढं न्हाई व्हय रं?”

अशी सोळा झाली.

गाडीची व्यवस्था विष्णुपंतांनी केली. कशी, तर चंदरच्या भावाची मॅटाडोर रविवारी रिकामी असते असा शोध त्यांनी लावला. ऑक्टोबरातल्या त्या रविवारी पहाटे पाचला ती दारात आली, आणि चालवायला खुद्द चंदर. मॅटाडोरमध्ये बसायला बाकं नव्हती. मागे जीन्सचे गठ्ठे वाहायचे, म्हणून खाली गोणपाट अंथरलेलं होतं. मंडळी त्याच्यावर मांडी घालून बसली. गाडी हलली आणि गोणपाटातून, फटींतून, छतावरून जीन्सच्या कापडाची निळी भुकटी उडायला लागली.

उद्यानाच्या फाटकावर सातला पोचायचं होतं. चंदरला वाटेत फक्त दोन गठ्ठे टाकायचे होते. पहिला ठाण्याला. तिथलं दुकान बंद होतं, म्हणून मालकाला घरून उठवावं लागलं. मालकाने गठ्ठा उघडून बत्तीस कमरेच्या जागी छत्तीसच्या आल्यात म्हणून हुज्जत घातली. विष्णुपंतांनी खाली उतरून मध्यस्थी केली, त्यामुळे आणखी वीस मिनिटं गेली. धर्मराज गाडीत बसून घड्याळ बघत राहिला. सरस्वतीने त्याच्या हातावर हात ठेवला. तो हात मनगटापर्यंत निळा होता.

दुसरा गठ्ठा टाकून फाटकावर पोचायला सव्वाआठ वाजले. दार उघडून एकेक सभासद खाली उतरला. भुवया निळ्या, मिशा निळ्या, मालिनीताईंचे पांढरे केस आभाळी. समोर खाकी पँट घालून, गळ्यात दुर्बीण अडकवून एक तरुण बाई उभ्या होत्या. वृंदा टिपणीस, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, आजच्या मार्गदर्शक. सूचनापत्रात त्यांनी ‘जंगलाच्या रंगात मिसळून जाणारे कपडे घालावेत’ असं लिहिलं होतं. त्यांनी निळ्या मंडळींना पायापासून भुवयांपर्यंत न्याहाळलं. मग अध्यक्ष कोण, असं त्यांनी विचारलं.

धर्मराज पुढे झाला. ‘मौनफेरी’ हा एक शब्द पकडून तो इथवर आला होता. बाकी काहीही होवो, आता या बाई सगळ्यांना गप्प बसवतील, विष्णुपंतांनासुद्धा, आणि अर्धा दिवस नुसती पानं वाजतील, या आशेवर त्याने ठाण्याचा मालकही सोसला होता.

वृंदाबाई हसून म्हणाल्या, “तुमच्या मंडळाचा विषय लक्षात घेऊन मी मौनफेरी रद्द केलीय. आठवडाभर बसून खास औषधी वनस्पतींची फेरी तयार केली आहे. प्रत्येक झाडाजवळ थांबून मी बोलणार आहे, आणि तुम्ही भरपूर प्रश्न विचारा.”

धर्मराजने आभार मानले. दुसरं काय करणार? त्या बाईंच्या हातात बारीक अक्षरात लिहिलेल्या कागदांची जाड चळत होती.

पुढच्या तासाभरात मंडळी दोनशे पावलं चालली. वृंदाबाई कुड्याच्या झाडासमोर थांबल्या आणि आमांशावर बोलल्या. आमांशाचे तिघं पुढे सरसावले. मुरुडशेंगेपाशी पोटाच्या मुरड्याचा विषय निघाला. अडुळशापाशी खोकला. विष्णुपंत वहीत टिपत होते आणि दर वाक्याला मात्रा किती, पथ्य काय, उपाशीपोटी की जेवल्यावर, असं खुलासेवार विचारत होते. गोजरबाईने पहिल्या दोन झाडांना तोंडात पदर धरून ऐकून घेतलं. तिसऱ्याला तिला राहवलं नाही. ह्याची फुलं आम्ही गावाकडं भाजी करून खाल्लीत, खोकल्याबिकल्याचं आम्हांस्नी ठावं न्हाई, असं तिने बाईंना सांगितलं. बाईंनी ते कौतुकाने लिहून घेतलं आणि भाजी कशी करायची ते विचारलं. धर्मराजच्या कानातला भुंगा आता दोन भुंग्यांइतका वाजत होता.

पान तोडायचं नाही, हे वृंदाबाईंनी सुरुवातीलाच तीनदा सांगितलं होतं. विष्णुपंतांनी ते वहीतही टिपलं होतं. पण नियम आपल्यासाठी नसून इतरांसाठी असतो, ही कचेरीतली सवय निवृत्तीबरोबर जात नाही. ते दर झाडापाशी सगळ्यांच्या मागे रेंगाळत आणि मग खांद्यावरची शबनम पिशवी सावरत पुढे येत.

नाल्याच्या अलीकडे झाडामागून एक वनरक्षक पुढे आला. धोंडिबा त्याचं नाव. तो बऱ्याच वेळापासून मागे चालत होता. त्याने विष्णुपंतांची पिशवी उघडायला लावली आणि तीत एखाद्या शेळीची न्याहारी होईल एवढा पाला निघाला.

“औषधाचा आहे,” विष्णुपंत म्हणाले. “आमचे अध्यक्ष इथेच आहेत. त्यांना विचारा.”

हे ऐकून वृंदाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी हातातले कागद घडी करून पिशवीत ठेवले. मग इतक्या हळू आवाजात त्या बोलल्या की सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागलं. फेरी आता पुढे न्यायची की इथूनच परत, हे त्या ठरवणार होत्या. न्यायची तर एका अटीवर. यापुढे कोणी एक शब्द काढला किंवा कशाला बोट लावलं तर सगळ्यांना फाटकाबाहेर काढण्यात येईल. राहिला पाल्याचा प्रश्न, तर वर्तनाची जबाबदारी अध्यक्षांनी लिहून दिलेली होती, तेव्हा पंचनाम्यासाठी अध्यक्षांनी चौकीवर थांबावं.

म्हणजे मौनफेरी सुरू होत होती, आणि ती धर्मराजला सोडून.

सरस्वती म्हणाली, “मी पण थांबते तुमच्याबरोबर.”

धर्मराजला ‘थांब’ म्हणायचं होतं. पण चौदा जणांसमोर चौकीवर नेला जाणारा माणूस मान ताठ ठेवायला बघतो, आणि ती ठेवताना नको ते बोलून जातो. तो म्हणाला, “तू जा. एकाने तरी बघितलं पाहिजे.”

रांग नाल्यापलीकडे झाडांत शिरली. विष्णुपंत रिकामी पिशवी लटकवून खाली मान घालून चालले होते आणि त्यांचं तोंड बंद होतं. हे दृश्य मैत्री सोसायटीने बारा वर्षांत पाहिलेलं नव्हतं. तेसुद्धा धर्मराजला पाठमोरंच मिळालं.

चौकी म्हणजे पत्र्याची एक खोली. धोंडिबाने टेबलावर पाला ओतला, कार्बन लावून कागद पुढे ठेवला आणि समजावलं की प्रत्येक जातीचं नाव नि नग लिहायचा. धर्मराजला नावं येत नव्हती. धोंडिबा एकेक पान उचलून नाव सांगायचा, पानं मोजायचा आणि धर्मराज लिहायचा. कुडा, नग एकोणीस. अडुळसा, नग बेचाळीस. मध्येच वारा आला आणि अडुळसा टेबलाखाली गेला. दोघांनी गुडघ्यावर बसून तो गोळा केला. पुन्हा मोजल्यावर चाळीस भरले. धोंडिबा कामाचा चोख माणूस होता. खाडाखोड असलेला कागद चालत नाही, म्हणून त्याने नवीन दिला.

आणि या सगळ्यात तो अखंड बोलत होता. दिवसभर जंगलात एकट्याने फिरणाऱ्या माणसाला बसलेला, हलू न शकणारा श्रोता मिळाला की काय होतं, ते धर्मराजने त्या दिवशी भोगलं. साहेबांचा स्वभाव, माकडांच्या खोड्या, जेवणाच्या डब्याचे हाल, बदलीचे अर्ज, सगळं झालं. शेवटी गाव कुठलं ते निघालं. धोंडिबा बदलापूरजवळच्या खरवईचा निघाला.

“तुमी अंबरनाथवरून हितं आलाव?” त्याने पान खाली ठेवून विचारलं. “कशाला वो? आमच्या चिखलोलीच्या धरणामागं वर चढा. ह्योच कुडा, ह्योच साग. मानूस नाय, कुत्रा नाय. तिकीट नाय नि पंचनामा बी नाय. तासभर बसलं तर कानात नुसता वारा येतो. मला तं रोज आठव येते.”

“किती लांब आहे?” धर्मराजने विचारलं.

“तुमच्या स्टेशनावरून सायकलीनं अर्धा तास.”

धर्मराजने ‘मुरुडशेंग, नग आठ’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. रेघ मारताना कागद फाटला. धोंडिबाने तिसरा दिला.

साडेबाराला मंडळी परत आली. कोणी बोलत नव्हतं, पण तोंडं अशी उजळलेली होती जणू निळी भुकटी धुऊन निघाली होती. वृंदाबाईंनी धर्मराजचा हात हातात घेतला आणि इतकी शांत तुकडी आपल्याला आजवर मिळालेली नव्हती, असं सांगितलं. मालिनीताईंचा गुडघा दुखायचं विसरला होता. परतीच्या वाटेवर विष्णुपंतांना कंठ फुटला. गाडीतच त्यांनी ठराव मांडला की मंडळाची फेरी दर महिन्याला व्हावी आणि ओव्हाळांनाच कायम अध्यक्ष ठेवावं, कारण सभासदांसाठी स्वतः अडकून बसणारा अध्यक्ष मिळत नसतो. चंदरने स्टिअरिंगवरून अनुमोदन दिलं. तो सभासदही नव्हता.

धर्मराज घरी आला, आंघोळ केली, आणि भिंतीकडे तोंड करून बसला. गोजरबाई चार घास खाऊन निजली. निळं पाणी मोरीतून वाहून गेल्यावर सरस्वती केस पुसत त्याच्याजवळ येऊन बसली. तिनेच सुरुवात केली.

नाल्यापुढे वाट उतरते, ती सांगत होती. तिथे तिच्या चपलेत खडा गेला. सगळे पुढे गेले आणि ती दगडावर बसली. खडा काढून मान वर करते तर समोर, मोरीपासून दारापर्यंत असेल एवढ्या अंतरावर, एक भेकर उभं. तांबूस रंग, पाय काड्यांसारखे. पाण्यात तोंड घातलेलं. त्याने तोंड वर काढलं आणि तिच्याकडे बघितलं. हनुवटीवरून पाणी गळत होतं. ती हलली नाही आणि तेही हललं नाही.

“मग?” धर्मराज म्हणाला.

“मग पुन्हा पाणी प्यायला लागलं. माझ्यासमोर. सगळं पिऊन झाल्यावर सावकाश गेलं.”

“बाकीच्यांनी पाहिलं?”

“मी कोणाला सांगितलंच नाही.”

“गाडीतसुद्धा नाही?”

सरस्वतीने टॉवेल खांद्यावर टाकला. “गाडीत सांगितलं असतं, तर भेकराचं शिंग कशावर चालतं, हे विष्णुपंतांनी विचारलं असतं.”

धर्मराजने भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. “पुन्हा सांग,” तो म्हणाला. “खड्यापासून.”

तिने पुन्हा सांगायला घेतलं. या वेळी हळू, कारण सासूबाई निजल्या होत्या, आणि जास्त बारकाईने, कारण त्याला घाई नव्हती. भेकराने पाण्यातून तोंड वर काढलं होतं इतक्यात दारावर थाप पडली. तीन लागोपाठ आणि एक उशिराने, विष्णुपंतांची. बाहेरून आवाज आला की ठरावावर अध्यक्षांची सही राहिली आहे.

सरस्वती थांबली. धर्मराज जागचा उठला नाही. त्याने हाताने तिला पुढे सांगण्याची खूण केली.